१९६४ ला आपण एशियन कपात दुसरे आलेलो, पण मुलीला हे नेमकं कसं सांगू?

शिरोड्याचा_वाटसरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याला इंडिया-सिंगापूर मॅच झाली ना, फुटबॉलच्या एशियन कपच्या क्वालिफायरची, ती बघायला मी मुलीला घेऊन गेलेलो. अकरा वर्षांची आहे, शाळेच्या टीममध्ये खेळते, आणि इंडियाची मॅच तिने आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून बघितली. छांगतेने चौदाव्या मिनिटाला काय गोल मारला! पोर खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, मागच्या लोकांनी पण काही म्हटलं नाही कारण ते पण उभेच होते. मग हाफटाईम व्हायच्या अगदी तोंडावर त्यांच्या साँग उई-यंगने बरोबरी केली, आणि ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा टाकला. नंतर अर्धा तास आपण नुसते आशेवर बसून. शिट्टी वाजली तेव्हा आमच्या स्टँडमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

बोरीच्या पुलावर आलो तेव्हा ती म्हणाली, बाबा, म्हणजे आता २०२७ ला आपण नाही? म्हटलं नाही. मग म्हणाली, आपण कधी काही जिंकलोय काय ह्यात? मी म्हटलं, हो, १९६४ ला आपण आशियात दुसरे आलेलो. तेवढ्यावर तिचा चेहरा उजळला आणि घरी पोचल्यावर आजीला पण तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चहाला बसलो तर एक मित्र म्हणाला, पोरीला खोटं कशाला सांगतोस, तेव्हा चारच टीम होत्या, आणि बाकीच्यांनी नावं मागे घेतली म्हणून आपण फुकटात पोचलो. मला ते लागलं. मी स्वतः शाळेत असल्यापासून ही गोष्ट ऐकतोय, वडिलांकडून ऐकली, आणि खरं सांगायचं तर त्या मॅचेस कोणाशी झाल्या, काय स्कोअर होता, हे मला पण धड माहीत नाही. कोणी नीट सांगेल का? मुलीला खोटं सांगायचं नाही, पण जे होतं ते कमी करूनही सांगायचं नाही.

म्हापसा_मिडफिल्ड

मित्र म्हणतो ते खरं आहे दादा, पण अर्धंच. ती टूर्नामेंट इस्रायलमध्ये होती, त्यामुळे आपल्या झोनमधल्या बाकीच्यांनी माघार घेतली आणि आपण क्वालिफायर न खेळताच गेलो. चार टीम होत्या हे पण बरोबर. इस्रायल, आपण, साऊथ कोरिया, हाँगकाँग. फायनल वगैरे नव्हती, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि पॉइंट मोजायचे.

आता उरलेलं अर्धं ऐका. पहिलीच मॅच कोरियाशी. हे कोरियावाले कोण, तर १९५६ आणि १९६० चे दोन्ही एशियन कप जिंकलेले, म्हणजे तोवरचे एकमेव चॅम्पियन. आपण त्यांना २-० ने हरवलं, अप्पलराजूने सुरुवातीलाच एक टाकला आणि दुसऱ्या हाफमध्ये इंदर सिंगने दुसरा. मग इस्रायलकडून ०-२ हरलो. मग हाँगकाँगला ३-१, त्यात इंदर सिंग, समाजपती आणि कॅप्टन चुनी गोस्वामी ह्यांचा एकेक. इस्रायलने तिन्ही जिंकल्या, आपण दोन. म्हणजे ती इस्रायलची मॅच आपण मारली असती तर कप आपला होता, हिशोब इतका सरळ. इंदर सिंगचे दोन गोल झाले, इस्रायलच्या स्पिगलरबरोबर तो टूर्नामेंटचा टॉप स्कोअरर.

आणि ही टीम एका रात्रीत उगवलेली नव्हती. दोनच वर्षं आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, जकार्ताच्या एशियन गेम्सच्या फायनलला ह्याच कोरियाला २-१ हरवून गोल्ड घेतलेलं. तिथे तर कोणी माघार घेऊन आपल्याला फायनलला नेलं नव्हतं. ती टीम बांधली कोच रहीमसाहेबांनी, ते जून १९६३ मध्ये कॅन्सरने गेले, आणि इस्रायलला टीम गेली ती हॅरी राईट ह्या इंग्लिश कोचबरोबर. मला नेहमी वाटतं रहीमसाहेब अजून एक वर्ष असते तर? पण जाऊदे, असल्या प्रश्नाला उत्तर नसतं.

चित्र पूर्ण करायला उलटी बाजू पण सांगतो. १९६० च्या कपाची क्वालिफायर डिसेंबर १९५९ मध्ये आपल्याच घरी, कोचीला झालेली, आणि तिथे आपण चारात शेवटचे आलो. म्हणजे सोन्याचा काळ म्हणतात त्यात पण असे दिवस होते.

अजून एक. कोरियाची ती मॅच झाली २७ मे १९६४ ला. त्याच दिवशी दुपारी इकडे दिल्लीत पंडित नेहरू गेले. आणि तुम्ही मुलीला घेऊन ज्या स्टेडियममध्ये बसलेलात त्याचं पूर्ण नाव काय, तर पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आलेला.

कोलवाळकर_काका

शिरोडकर, तुम्ही मुलीला अजून एक सांगा, आणि हे सांगायला विसरू नका. त्या १९६४ च्या टीममध्ये आपला गोंयकार होता. फोर्तुनातो फ्रँको, आमच्या कोलवाळचे. हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळायचे. १९६२ च्या जकार्ताच्या गोल्डवाल्या टीममध्ये पण तेच, आणि १९६० ला रोम ऑलिम्पिकच्या टीममध्ये पण.

आता तारखा बघा जरा. १९६० ला गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. आपण मोकळे झालो १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे कोलवाळला जन्मलेला माणूस भारताच्या टीममध्ये पोचला तेव्हा त्याचं गाव भारतात नव्हतं. ते मुंबईहून खेळले, टाटांच्या टीममधून, म्हणून ते शक्य झालं. महाराष्ट्राने १९६४ ला राज्यांची संतोष ट्रॉफी जिंकली त्या टीममध्ये पण ते होते. आपले कितीतरी लोक तेव्हा पोटापाण्याला मुंबईला जायचे, कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत राहायचे, आणि चांगला खेळणारा असला की तिकडच्या कंपनीच्या टीमा त्याला घ्यायच्या. त्यांच्या आधी नेव्हिल डिसोझा, ते पण मूळ गोव्याचेच, १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाशी हॅटट्रिक मारली आणि आपण ४-२ जिंकलो.

फ्रँको २०२१ च्या मे महिन्यात वारले, त्या वाईट कोविडच्या लाटेत. तेव्हा सगळीकडे मरणाच्याच बातम्या, त्यात ही बातमी आली आणि गेली. आमच्या बार्देशातल्या मुलांना विचारा, दहातल्या नऊ जणांना नाव माहीत नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून म्हणतो, मुलीला स्कोअर सांगा पण नाव आधी सांगा.

वास्को_डिफेन्स

काकांचा आदर ठेवूनच बोलतो, पण मला १९६४ ची गोष्ट ऐकून ऐकून आता त्रास होतो. साठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट घेऊन किती दिवस बसणार आपण. पुढचं पण सांगा ना पोरीला. पुढचा कप खेळायला मिळाला तो थेट १९८४ ला, सिंगापूरमध्ये. चार मॅचेस, एक पण गोल नाही. सिंगापूरकडून ०-२, यूएईकडून ०-२, चीनकडून ०-३, आणि इराणशी ०-० एवढीच काय ती कमाई. आणि गंमत म्हणून नाही, खरंच जिवाला लागतं म्हणून सांगतो, हेच ते वर्ष जेव्हा आपल्या गोव्याने संतोष ट्रॉफी पहिल्यांदा एकट्याने जिंकली, ब्रह्मानंद शंखवाळकर कॅप्टन. आदल्या वर्षी बंगालबरोबर वाटून मिळालेली, त्या वर्षी अख्खी आपली. म्हणजे देशात चांगले खेळणारे नव्हते असं नाही.

मग काय चुकलं? माझं मत सांगतो. बाकी आशिया नव्वद मिनिटं खेळत होता तेव्हा आपल्याकडे स्पर्धांतून सत्तर मिनिटांच्या मॅचेस चालायच्या, शेवटच्या वीस मिनिटांत पाय कुठून येणार. कोरिया, जपान, इराण सगळे लीग आणि पोरांची टीम बांधत गेले, आपण कलकत्ता, मुंबई, गोवा आपापल्या ट्रॉफ्यांत खूश. नॅशनल लीग आली ती १९९६ ला. २००७ च्या कपाच्या क्वालिफायरमध्ये जपान, सौदी, येमेन होते, सहाच्या सहा हरलो, २४ गोल खाल्ले आणि दोन मारले. १९८४ नंतर परत कप दिसला २०११ ला. सत्तावीस वर्षं! माझ्या वडिलांचं अख्खं खेळायचं वय ह्यात गेलं.

आणि आता सिंगापूर. १९८४ ला त्यांच्या घरी त्यांनी हरवलं, तेव्हा ते यजमान म्हणून कपात होते. २०२५ ला आपल्या घरी येऊन हरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला २-१ मारून पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर कपात गेले. केवढासा देश तो. त्याच दिवशी आपण ढाक्याला बांगलादेशकडून ०-१ हरलो.

दोहा_ते_दिवचल

२०११ चं मी सांगतो, मी होतो तिथे. तेव्हा दोह्याला नोकरीला होतो, एका खोलीत सहाजण, त्यातले चार गोंयकार, आणि इंडिया एशियन कपात म्हटल्यावर तिकिटं मिळतात का बघायला आम्ही धावलो. पहिली मॅच १० जानेवारीला ऑस्ट्रेलियाशी, अल सद्दच्या स्टेडियममध्ये. केहिल, क्युएल हे टीव्हीवर बघायची माणसं, ती समोर. ०-४ झालं. पण सुब्रतो पॉल गोलात असा उभा होता की नाहीतर आठ झाले असते. मिडफिल्डला आपला क्लायमॅक्स लॉरेन्स, आम्ही त्याच्या नावाने बोंबलत होतो कोंकणीत, बाजूचे मल्याळी लोक पण आमच्याबरोबर ओरडायला लागले.

ह्या कपात आपण पोचलो ते २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमुळे. दिल्लीला आंबेडकर स्टेडियममध्ये फायनलला ताजिकिस्तानला ४-१, छेत्रीची हॅटट्रिक. ते सगळ्यांना आठवतं. पण त्या स्पर्धेत पहिली मॅच अफगाणिस्तानशी अडकलेली आणि एकदम शेवटी क्लायमॅक्सने गोल टाकून १-० काढली, ते कोणी बोलत नाही.

बहरीनची मॅच मात्र मला अजून खुपते. आठव्या मिनिटाला पेनल्टीवर खाल्ला आणि लगेच पुढच्या मिनिटाला गौरमांगीने फेडला, १-१, म्हणजे १९६४ नंतर एशियन कपात आपला पहिला गोल मी डोळ्यांनी बघितला, ४७ वर्षांनी! आणि मग त्यांच्या इस्माईल अब्दुललतीफने एकट्याने चार मारले. ५-२. कोरियाशी ४-१, छेत्रीची पेनल्टी, आणि ८१ व्या मिनिटाला एका अठरा वर्षांच्या पोराने चौथा टाकला. त्या पोराचं नाव सोन ह्युंग-मिन. कोरियासाठी त्याचा तो पहिलाच गोल. पुढे तो केवढा झाला ते सगळ्यांनी बघितलंच.

वास्कोवाल्या भावाला एक विचारतो. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षं देशाची लीग गोव्यात आली. धेंपो चारदा, चर्चिल दोनदा, सालगांवकर एकदा. कप ह्याच सात वर्षांत खेळलो. आणि २०१६ ला धेंपो, सालगांवकर आणि स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली. गावाला ज्या टीमांचं वेड होतं त्याच वरच्या लीगमधून गेल्या. हे पण ह्या इतिहासातच बसतं असं मला वाटतं, नुसते स्कोअर बघून कळणार नाही.

म्हापसा_मिडफिल्ड

दोहावाले, छान लिहिलंत. २०१५ ला आपण नव्हतो, चॅलेंज कपात २०१२ ला काठमांडूला तिन्ही हरलो आणि २०१४ ला तर तिथवर पण पोचलो नाही, यांगोनला म्यानमारने अडवलं.

२०१९ राहिलं बघा, ते मी घेतो कारण ते मला सगळ्यात जवळचं. ६ जानेवारी, अबू धाबी, थायलंड. छेत्रीचे दोन, थापा आणि जेजेचा एकेक, ४-१. एशियन कपात आपण मॅच जिंकलो ती १९६४ नंतर पंचावन्न वर्षांनी, आणि थायलंडने दुसऱ्या दिवशी कोचच काढून टाकला. मग यूएईकडून ०-२, पण त्या मॅचमध्ये आपण वाईट खेळलो नव्हतो, बॉल दोनदा बारला लागला. मग शारजाला बहरीन. ड्रॉ झाली असती तरी पुढच्या राऊंडला जात होतो. नव्वद मिनिटं ०-०. आणि इंज्युरी टाईममध्ये बॉक्सात फाऊल, पेनल्टी, जमाल राशिदने मारली. तो फाऊल प्रणय हलदरकडून झाला, जो त्या दिवशी कॅप्टन होता आणि जीव तोडून खेळलेला. मी त्याला दोष देणार नाही. आपला कोच कॉन्स्टंटाईनने तिथेच राजीनामा दिला. त्या टीममध्ये आपला रॉलिन बॉर्जेस पण होता.

२०२४ च्या जानेवारीत परत कतार. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. ब्रँडन आणि लिस्टन दोघे गोंयकार टीममध्ये, पण गोल एक पण नाही. सगळं धरून एशियन कपात आपण पाच वेळा गेलो, सोळा मॅचेस, तीन जिंकल्या, एक ड्रॉ, बारा हरलो. बारा गोल मारले, त्यातले चार एकट्या छेत्रीचे. तीन विजयांतले दोन १९६४ चे, म्हणून ते वर्ष वजा केलं तर काय उरतं ते वास्कोवाल्यांना बरोबर कळतंय.

राईटबॅक_ताई

सगळं वाचलं. शिरोडकर दादा, तुमची मुलगी खेळते म्हणालात आणि इतक्या जणांनी इतकं लिहिलं, पण बायकांच्या टीमचं कोणीच नाही सांगितलं हो? तिने विचारलं आपण कधी काही जिंकलोय काय, तर आपल्या मुली एशियन कपात दोनदा दुसऱ्या आल्यात. एकदा कालिकतला, फायनल १९८० च्या जानेवारीत झाली, चायनीज तैपेईकडून हरलो. दुसऱ्यांदा १९८३ ला बँकॉकला, थायलंडकडून. मध्ये १९८१ ला तिसरा नंबर. तेव्हा ह्या मुलींना ना पैसा, ना नोकरी, ना कोणी बघायला.

मग २०२२ ला कप आपल्याकडे होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात, आणि पहिली मॅच इराणशी ०-० झाल्यावर टीममध्ये कोविड शिरला. चायनीज तैपेईच्या मॅचला मैदानात उतरवायला पुरेशा मुलीच नाहीत, आणि आपल्याच घरच्या कपातून आपण बाहेर. मी त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेले, किट घालून बसलेले घरात, वेड्यासारखी. खूप रडले. पण २०२५ च्या जुलैत चियांग माईला थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि क्वालिफायर खेळून पहिल्यांदा एशियन कपात गेलो. ज्या वर्षी फातोर्ड्याला तुमची मुलगी गप्प होऊन घरी गेली त्याच वर्षी हे पण झालं.

आणि ऑस्ट्रेलियाची २०२४ ची जी मॅच वर कोणी एका ओळीत उरकली ना, त्या मॅचला रेफरी कोण होती माहितीये? योशिमी यामाशिता, जपानची. पुरुषांच्या एशियन कपात शिट्टी घेऊन उतरलेली पहिली बाई, आणि ती मॅच आपली होती. पस्तीस हजारांवर लोक, त्यातले बहुतेक आपलेच. हे माझ्या ग्राऊंडवरच्या मुलींना मी सांगते तेव्हा त्या स्कोअर विचारत नाहीत, ती किती धावली असेल ते विचारतात.

शिरोड्याचा_वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. काल रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन तिच्याबरोबर बसलो आणि सगळं वाचून दाखवलं, काहीच गाळलं नाही, चार टीमचं पण सांगितलं आणि माघारीचं पण. तिने वहीत लिहून घेतलं. म्हणाली, पण कोरियाला तर खरंच हरवलं ना? म्हटलं खरंच हरवलं, दोनदा, जकार्ताला पण. मग तिने तेवढ्याखाली दोन रेघा मारल्या.

फ्रँकोंचं ऐकून आजी म्हणाली, माझा भाऊ पण तेव्हा मुंबईला होता, आणि मग तिने तासभर मुंबईच्या गोष्टी सांगितल्या ज्या मी पण कधी ऐकल्या नव्हत्या. कोलवाळकर काका, नाव आधी सांगितलं, तुम्ही म्हणालात तसंच.

वास्को, तुमचा राग मला कळतो. त्या मॅचनंतर आठच दिवसांनी त्याच ग्राऊंडवर एफसी गोवा विरुद्ध अल नासर झाली, रोनाल्डो आला नाही म्हणून लोक हिरमुसले, आपण १-२ हरलो, पण ब्रायसनने गोल मारला तो आम्ही घरी टीव्हीवर बघितला आणि पोर परत तशीच उभी राहून ओरडली. एवढ्या लवकर परत ओरडेल असं मला वाटलं नव्हतं.

ताई, एक विचारायचं होतं. बायकांच्या टीमचं वाचल्यापासून ती मागे लागली आहे की शाळेपुरतं नको, नीट शिकायचंय. तुम्ही मडगावच्या बाजूला शिकवता काय? आठवड्यातून दोनदा मी आणू शकतो, तिसऱ्या दिवशी दुकान बंद करणं जमणार नाही.

राईटबॅक_ताई

हो दादा, मडगावातच. दोन दिवस पुरे सुरुवातीला, मंगळवार आणि शनिवार, साडेचारला. शिन गार्ड आणि पाण्याची बाटली एवढंच आणा, बूट नवे घेऊ नका आत्ताच, ह्या वयात पाय दर सहा महिन्यांनी वाढतो, आमच्याकडे मोठ्या मुलींचे लहान झालेले ठेवलेत. ती कुठे खेळते, पुढे की मागे?

शिरोड्याचा_वाटसरू

आत्तापर्यंत पुढे. पण आज सकाळी म्हणाली हाफला खेळणार.